ठोकळ्यांची सृष्टी आणि आपला अभ्यास



दिवाळी जवळ आली, की आपल्या बेळगावच्या गल्ल्यागल्ल्यांतून किल्ले उभे राहू लागतात. दगड, विटा, पोती आणि लाल माती यांचा डोंगर होतो; त्यावर तट, बुरूज व दरवाजे येतात; अळीव पेरून हिरवळ उगवते आणि शेवटी मावळे आपापल्या जागी उभे राहतात. पाणी कोठून वाहील, तट कोठे खचेल, हे मुलांना कोणी शिकवीत नाही. ते ज्ञान हातांना आपोआप होते. आता याच मुलांच्या हाती रचनेचे दुसरे एक साधन आले आहे. 'माइनक्राफ्ट' हा संगणकावरील खेळ ते साधन होय. विद्याभ्यासास त्याचा उपयोग कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

स्वीडनमधील मार्कस पर्सन यांनी हा खेळ २००९ साली प्रथम लोकांपुढे ठेवला आणि २०११ साली तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. माती, दगड, लाकूड, वाळू यांचे एक मीटर लांब, रुंद व उंच असे ठोकळे खणून काढावयाचे आणि मनाजोगती रचना करावयाची, हे त्याचे सार. २०१६ साली शाळांकरिता त्याची स्वतंत्र आवृत्ती निघाली. मोठ्यांनीही या खेळाला कामाला लावले आहे. डेन्मार्कच्या सरकारी भूमापन खात्याने २०१४ साली आपल्या संपूर्ण देशाची प्रतिकृती त्यात तयार केली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वसाहतविषयक संस्थेने २०१२ पासून, वस्तीतील मैदाने व बागा कशा असाव्यात हे तेथील रहिवाशांनाच त्यात रचून दाखविता यावे, असा उपक्रम चालविला.

आम्हीही आठवीच्या वर्गात हा प्रयोग करून पाहिला. पहिल्या तासाला मी मुलांना "हवे ते बांधा" असे सांगितले, आणि तीच माझी चूक ठरली. तास संपला तेव्हा काही मनोरे उभे होते, काही भिंती एकमेकांनी पाडल्या होत्या. शिकले मात्र कोणी काही नव्हते. दुसऱ्या वेळी मी आधी मोजपट्टी व चौकटींची वही हाती दिली. आपल्याच वर्गाची खोली मोजावयाची, आराखडा काढावयाचा, ठोकळे किती लागतील ते लिहावयाचे, आणि मगच संगणकाला हात लावावयाचा. संगणक थोडे, म्हणून तिघातिघांचे गट केले. एकाने मोजावे, दुसऱ्याने हिशेब ठेवावा, तिसऱ्याने रचावे आणि पाळीपाळीने कामे बदलावीत.

खोली आतून ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद होती. परिमिती २८ मीटर. तेव्हा भिंतीच्या एका थराला २८ ठोकळे लागतील, असे बहुतेक गटांनी लिहिले. प्रत्यक्षात २८ ठोकळे संपले आणि चारही कोपरे उघडेच राहिले! मग पुन्हा वही उघडली. बाहेरचा आयत १० × ८, म्हणजे ८० चौरस मीटर, आतला ४८, वजाबाकी ३२. भिंतीला जाडी असते, हे पुस्तकातील रेषेने मुलांना कधी सांगितले नव्हते. कोपऱ्यातील भोकाने ते सांगितले.

शेतीचे गणितही असेच मनोरंजक आहे. या खेळात पाण्याचा ओलावा नांगरलेल्या जमिनीत सर्व दिशांना चार ठोकळ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून मध्यभागी पाण्याचा एक ठोकळा ठेवला, तर ९ × ९ चा चौरस भिजतो आणि पाण्याची जागा वजा जाता ८० घरांत गहू पिकतो.

तथापि या सृष्टीत असत्यही पुष्कळ आहे. झाडाचे खोड मधोमध तोडले, तरी वरचा भाग अधांतरी तरंगत राहतो. २ × २ च्या खड्ड्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या पाणी ओतले, की तो झरा कधीच आटत नाही. खेळाडूजवळ सामानाचे ३६ कप्पे असतात व प्रत्येकात सोन्याचे ६४ ठोकळे मावतात. एक घनमीटर सोन्याचे वजन सुमारे १९.३ टन, म्हणजे हा गडी ४४ हजार टनांहून अधिक ओझे घेऊन खुशाल धावत असतो!

तरंगते झाड पाहून एका मुलीने विचारले, "सर, हे पडत का नाही?" गुरुत्वाकर्षणाचा आमचा सर्वांत चांगला तास त्याच दिवशी झाला. खेळाने दिलेले जसेच्या तसे स्वीकारणारा केवळ खेळाडू राहतो, "हे खरे आहे काय?" असे विचारणारा विद्यार्थी होतो. न आटणाऱ्या झऱ्याची सवय जडलेल्या मुलाला उन्हाळ्यात तळ गाठणारी विहीरही दाखविली पाहिजे.

पालकांची काळजी अनाठायी नाही. पडद्यापुढे तासन् तास बसणे डोळ्यांना, झोपेला व अभ्यासाला बाधक आहे. म्हणून वेळ आधी ठरवून घ्यावा आणि अनोळखी माणसांबरोबर खेळू देऊ नये. परंतु "किती वेळ खेळलास?" एवढेच न विचारता "काय बांधलेस, आणि असे का बांधलेस?" हेही विचारावे. हा खेळ विकत घ्यावा लागतो. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी याच धर्तीचा 'लुआंटी' हा विनामूल्य खेळ आहे. २०२४ पर्यंत त्याचे नाव 'मायनटेस्ट' असे होते. आणि ज्याच्या घरी संगणकच नाही, त्याने मुळीच खंत करू नये. चौकटींचा कागद आणि आगपेट्यांच्या रिकाम्या डब्या घेऊनही हाच अभ्यास होतो.

बालमित्रहो, येत्या दिवाळीत किल्ल्याचा आराखडा हवा तर संगणकावर रचा. पण किल्ला मात्र मातीचाच करा. तट कोसळला, तर का कोसळला ते वहीत लिहून ठेवा. पडद्यावरील तट तुम्हांला ते कधीच सांगणार नाही.

स्वाध्याय

१. वरील खोलीची उंची ४ मीटर आहे. दाराकरिता २ व तीन खिडक्यांकरिता प्रत्येकी २ ठोकळे सोडले, तर चारही भिंतींना एकूण किती ठोकळे लागतील?

२. पाण्याचा ठोकळा शेताच्या मध्यभागी न ठेवता एका कोपऱ्यात ठेवला, तर किती घरांत गहू पिकेल?

३. खेळातील निसर्गविरुद्ध अशा तीन गोष्टी शोधा आणि प्रत्यक्षात काय घडले असते ते लिहा.