मदत जागेवरच हवी

पाचवीत मुलाला निवासी शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा अड्याळ या आमच्या गावातल्या ओळखीच्या कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. "तिथे सरळ होईल," हेच जो तो म्हणत होता. दिवाळीला तो घरी आला. वह्या अर्ध्या कोऱ्या होत्या, चप्पल हरवली होती, आणि आपण 'ढ' आहोत हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. शिक्षा भरपूर झाल्या होत्या. वही काढायच्या क्षणी शेजारी उभं राहून "बाबू, आता वही काढ" म्हणणारं मात्र तिथे कुणी नव्हतं.

त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं, हे पुढे कळलं. अशा मुलाच्या घरच्यांना माझं पहिलं सांगणं हे आहे. काय करायचं ते या मुलांना बहुतेक वेळा माहीत असतं. विचारा, ती नीट सांगतील. अडतं ते ऐन वेळी करण्यात. सकाळचा उपदेश दुपारी कामाला येत नाही आणि संध्याकाळचा मार सकाळच्या चुकीपर्यंत पोहोचत नाही. मदत हवी ती त्या जागी आणि त्या वेळी. म्हणून अशा मुलाला शिस्तीसाठी घरापासून लांब पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारा : तिथे त्याच्या शेजारी कोण उभं राहणार आहे?

निदानाची वाट आपल्याकडे आहे, पण ती आपणच धरावी लागते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यावं, अशी आखणी आहे. तपासायच्या आजारांच्या यादीत एडीएचडीही आहे. मात्र रांगेत उभं असलेलं मूल तेवढ्या वेळात शांतही दिसू शकतं. तेव्हा पथकाला आपणहून सांगा आणि जिल्हा रुग्णालयात पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी मागा. सोबत घरचं आणि शाळेचं टिपण न्या. लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत आणि घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावीत, हे डॉक्टर पाहतात. डोळे, कान आणि झोपेचीही चौकशी होऊ द्या. सगळीच मुलं धावपळ करणारी नसतात. मागच्या बाकावर गप्प बसून हरवलेली मुलगी तपासणीतून अनेकदा सुटते. कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, फोनवर मराठीतही बोलता येतं.

बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि भविष्य सांगणारे मधेच भेटतात. रंगीत अहवाल देतात, पैसेही चांगलेच घेतात. त्याला शास्त्राचा आधार नाही. एडीएचडी रक्ताच्या किंवा ठशांच्या चाचणीतून कळत नाही.

औषधाची भीती मलाही नातेवाइकांनी घातली होती. मिथाइलफेनिडेट हे नेहमीचं औषध साधारणपणे सहा वर्षांनंतर देतात. त्याआधी मुलाची वागणूक कशी हाताळायची याचं आईवडिलांना प्रशिक्षण, हा पहिला उपाय. गोळीने भूक मंदावू शकते, झोप उडू शकते, म्हणून वजन-उंची मोजत राहावी लागते. भरपेट न्याहारी आधी, गोळी नंतर, हे आमच्या घरात ठरून गेलं. हे औषध प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. शेवटचं पान संपायच्या आधीच भंडारा किंवा नागपूरची खेप ठरवा. डोस आपल्या मनाने वाढवू नका, तोडू नका. आणि गोळी काही तासांपुरतं लक्ष टिकवायला मदत करते, दप्तर भरायची सवय ती लावत नाही.

ती सवय घरात लागते. एका वेळी एकच सूचना द्या, तीही लांबून ओरडून नाही, जवळ जाऊन. पाच गणितं झाली की उठू द्या, पाणी पिऊ द्या, मग पुढची पाच. शाबासकी लगेच द्या. महिनाअखेरच्या सायकलीचं आमिष या मुलांना फार लांब पडतं. भाताच्या रोवणीत माझा मुलगा पऱ्ह्याच्या जुड्या बांधीपर्यंत न थकता पोचवतो, कारण शरीर हलतं, काम संपताना दिसतं आणि कुणीतरी लगेच "वा रे गड्या" म्हणतं. त्यावरून "शाळा सोडा, शेतातच लावा" असा अर्थ काढू नका. अभ्यास तसा बेतायला शिका. मोबाईलवर तासभर बसतो म्हणजे लक्ष आहे, हेही खरं नाही. मोबाईल दर क्षणाला काहीतरी नवं देतो, पुस्तक देत नाही.

आमच्या घोडायात्रेसारख्या जत्रेच्या गर्दीत त्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. विहीर, कालवा आणि रस्ता यांच्या बाबतीत वयाने मोठा झाला म्हणून निर्धास्त राहू नका. पाय आधी पळतात, विचार मागून येतो.

शाळेत भांडायला नव्हे, मागायला जा. पुढचा बाक, खिडकी-दारापासून दूर. फळा पुसायचं, वह्या वाटायचं काम, म्हणजे उठायला हक्काचं निमित्त मिळतं. गृहपाठ वहीत उतरवलाय का, हे सुटीआधी मॅडमनी एकदा पाहणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई केली आहे, हे शांतपणे सांगता येतं. आणखी एक : 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. दोन्ही अनेकदा सोबत असतात. वाचन-लेखनही अडत असेल तर त्याची वेगळी तपासणी करून प्रमाणपत्र घ्या. परीक्षेतल्या सवलतींना ते लागतं, आणि दहावीच्या वर्षी धावपळ करून वेळेत हाती पडेलच असं नाही.

माझा मुलगा आता गावातल्याच शाळेत जातो. वह्या अजूनही विसरतो. पण 'ढ' म्हणत नाही स्वतःला. रात्री दप्तर भरताना मी शेजारी बसते. आधी प्रत्येक वस्तूचं नाव घ्यावं लागायचं, आता भिंतीवरच्या यादीकडे बोट दाखवलं की पुरतं. मदत कमी करायची ती अशीच, हळूहळू, आणि त्याला जमतंय हे बघूनच. वय झालं म्हणून एकदम काढून घेऊ नका.