बाजूची पट्टी

अगं, पहिल्या पगाराचे पेढे पोचले. त्या बदल्यात माझ्याकडून हे घे. तीस वर्षं मी साखर कारखान्यांची आणि पतसंस्थांची सॉफ्टवेअरं लिहिली. त्यातलं बरंचसं आता मोडीत निघालंय. पण विंडोच्या उजव्या कडेला जी पट्टी असते, स्क्रोलबार, तिच्याबद्दल जे शिकले ते आजही लागू पडतं, आणि तुझ्या वयाची मुलं नेमकी तीच पट्टी लपवून टाकतात, म्हणून लिहितेय.

जानेवारीत तुझे आजोबा कॉम्प्युटरवर खात्याचा उतारा बघत होते. ऑक्टोबरपर्यंतच्या नोंदी दिसल्या, पुढे काहीच नाही. दोन महिने पेन्शन जमा झाली नाही म्हणून रात्रभर झोपले नाहीत. सकाळी मी बघितलं तर नोव्हेंबर, डिसेंबर खाली सुखरूप होते. विंडोची खालची कड बरोबर दोन ओळींच्या मधे आली होती आणि पट्टी अदृश्य. यादी इथेच संपली असं कुणालाही वाटलं असतं. खाली अजून काही आहे हे सांगायला पडद्यावर कुणीच नव्हतं.

तेव्हा पहिली सवय लावून घे. वयस्कर माणसाच्या कॉम्प्युटरवर कशासाठीही बसलीस, की उठण्याआधी ही पट्टी कायमची उघडी करून ये. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग व्हिज्युअल इफेक्ट्स. तिथे ‘ऑलवेज शो स्क्रोलबार्स’ चालू कर. विंडोज १० असेल तर ईज ऑफ अ‍ॅक्सेसमध्ये डिस्प्लेखाली पट्टी आपोआप लपवण्याचं बटण असतं, ते बंद कर. मॅकवर अपिअरन्समध्ये ‘शो स्क्रोल बार्स’समोर ‘ऑलवेज’. लिनक्सवर ग्नोम असेल तर नव्या आवृत्त्यांत अ‍ॅक्सेसिबिलिटीतल्या ‘सीइंग’ पानावर मिळेल. फायरफॉक्सला मात्र वेगळं सांगावं लागतं: त्याच्या सेटिंग्जमध्ये जनरल, तिथे ब्राउझिंगखाली. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे.

पट्टी दिसते पण बारीक वाटते, अशी तक्रार आली तर विंडोजच्या रजिस्ट्रीत एक जुनी किल्ली आहे. करंट यूझरखाली कंट्रोल पॅनल, त्यात डेस्कटॉप, त्यात विंडोमेट्रिक्स. तिथल्या ‘स्क्रोलविड्थ’ची किंमत -२५५ असते. हे १५ गुणिले १७ आहे. म्हणजे पट्टी १७ पिक्सेल रुंद. तिथे -४५० लिहिलंस की ती ३० पिक्सेलची होते. आडव्या पट्टीसाठी शेजारीच ‘स्क्रोलहाइट’ आहे. आधी त्या भागाची प्रत काढून ठेव, बदल केल्यावर साइन आउट करून परत ये. जुन्या धाटणीचे प्रोग्रॅम हे ऐकतात, नवे बहुतेक ऐकत नाहीत. पण वडीलधाऱ्यांचं हिशेबाचं काम अजून जुन्यांतच चालतं.

आता तू स्वतः जी सॉफ्टवेअरं लिहिणार आहेस त्यांबद्दल.

तुझ्या कंपनीत कुणीतरी म्हणेलच, माउसला चाक आहे, ट्रॅकपॅडवर दोन बोटं फिरतात, पट्टी धरून ओढतं कोण आता? मायक्रोसॉफ्टचा चाकवाला माउस १९९६ साली आला, तेव्हापासून हे ऐकतेय. ॲपलने २०११ मध्ये मॅकच्या ‘लायन’मध्ये पट्टी लपवायला सुरुवात केली, आणि मग सगळेच त्या वाटेने गेले. ओढणारे कमी झाले हे खरं. पण ओढणं हे पट्टीचं अर्धंच काम. मजकूर किती मोठा आहे, आपण त्यात कुठवर आलोय, अजून किती राहिलंय, हे ती न विचारता सांगत असते. हे तिचं काम चाक करत नाही.

यात एक मेख आहे, ती ओळखून अस. मॅकच्या ट्रॅकपॅडवर काम करणाऱ्या डिझायनरला पट्टी एरवी दिसतच नाही. तो तिच्यासाठी जागाच सोडत नाही. मग ज्याच्याकडे माउस आहे त्याच्या पडद्यावर ती उगवते, रकाना दाबते, आणि ‘दिसायला वाईट’ म्हणून तिलाच काढून टाकतात. तू काम करताना तुझ्या मशिनवर ती कायम उघडी ठेव, म्हणजे जागा आपोआप सुटेल.

शक्यतो स्वतःची पट्टी रंगवत बसू नकोस. सिस्टीम देते ती घे. ती कॉन्ट्रास्ट थीमचं ऐकते, वापरणाऱ्याने बदललेली रुंदीही बहुधा पाळते. रंगवायचीच वेळ आली तर रंग मोजून घे, डोळ्यांवर विसंबू नकोस. तुझे डोळे बाविशीचे आहेत. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि फिकट करड्यावरचा करडा आधी हरवतो. वेब मजकुराच्या सुगम्यतेचे जे नियम आहेत, त्यांच्या २.१ आवृत्तीने, २०१८ साली, अशा नियंत्रणांसाठी किमान ३ ला १ असा कॉन्ट्रास्ट सांगितला; डेस्कटॉपलाही तोच धर. आरजीबीत २४१ च्या करड्या पट्टीवर १९३ चा करडा ठोकळा (पट्टीत सरकणारा, धरून ओढायचा तो), ही जोडी फार ठिकाणी दिसते, पण तिचा कॉन्ट्रास्ट जेमतेम १.६ भरतो. पांढऱ्यावर १४८ चा करडा घेतलास तर तीनच्या किंचित वर जातो. त्याहून गडद घे, काही बिघडत नाही.

ठोकळ्याच्या उंचीवरही लक्ष ठेव. कारखान्यात गळीत हंगामात काटापावत्यांची यादी पाच हजारांवर जायची. पडद्यावर पंचवीस ओळी मावतात, पट्टी आठशे पिक्सेलची, तर हिशेबाने ठोकळा चार पिक्सेलचा होतो. काटाघरातल्या माणसाची बोटं जाड, माउसचा बॉल धुळीने अडकलेला, चार पिक्सेल त्याने धरायचे कसे? मी किमान उंची ठरवून टाकली तेव्हा कुठे त्यांचे फोन थांबले. आता २४ पिक्सेलच्या खाली जाऊ नकोस.

हात थरथरणाऱ्यांचा विचार वेगळा कर. विंडोजमध्ये ठोकळा ओढताना हात बाजूला फार सरकला, तर तो उडी मारून मूळ जागी परत जातो. पार्किन्सन्स असलेल्या माणसाची दहा मिनिटांची मेहनत त्यात जाते. म्हणून ठोकळ्याच्या वर-खाली रिकाम्या जागेत क्लिक केलं की एक पान सरकलं पाहिजे, टोकाचे बाण राहिले पाहिजेत, आणि पेज डाउन, होम, एंड या कळा त्या यादीत चालल्या पाहिजेत. आणि विंडो पूर्ण मोठी केल्यावर पट्टी पडद्याच्या कडेला चिकटलेली हवी, मधे एका पिक्सेलचीही फट नको. माउसचा बाण कडेला जाऊन आपोआप थांबतो, नेम धरावा लागत नाही. लक्ष्य मोठं तर हात लवकर पोचतो, हे पॉल फिट्सने १९५४ मध्येच मोजून दाखवलंय.

पडदा चौपट मोठा करून वाचणाऱ्याला उजवी कड दिसतच नाही. त्याच्यासाठी यादीच्या डोक्यावर ‘४१२ पैकी २६ ते ५०’ असं लिही. आणि शेवटची ओळ अर्धी कापलेली दिसू दे. डिझायनर कुरकुरेल, तरी दे. अर्धी ओळ दिसली की माणूस खाली जातोच.

पहिली आवृत्ती झाली की घेऊन ये, आजोबांपुढे ठेव. काही सांगू नकोस. मागे उभी राहा आणि त्यांचा हात कुठे जातो तेवढं बघ. दुपारी बसव, खिडकीतून ऊन पडद्यावर येतं तेव्हा.