कॅनिंगचा आंबा आणि चकचकीत पत्रा

हापूसच्या कॅनिंगचा खरा हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत. पेटीत न बसणारा, डागी, लहान-मोठा आंबा या दिवसांत एकदम दारात येऊन पडतो आणि आढीत पिकलेलं फळ कुणासाठी थांबत नाही. कोकम, आवळा, अननस असं काही करत नसाल तर उरलेलं वर्षभर रस काढणारा पल्पर झाकूनच ठेवायचा. म्हणजे यंत्राची सगळी परीक्षा या काही आठवड्यांत होते. त्यात ते बंद पडलं तर दुरुस्त करणारा घाट उतरून येईपर्यंत ढीग नासतो. देवगड तालुक्यात छोटं युनिट चालवताना जे भोगलं आणि आजूबाजूला जे पाहिलं, ते नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी लिहितो आहे. हल्ली बरेच जण हातात कोटेशन घेऊन विचारायला येतात, आणि बहुतेकांची नजर शेवटच्या आकड्यावर असते.

आधी पत्र्याचं बोलू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथे होते. आमच्याकडे रस तापवायची जी केटल आली ती कागदावर ३०४ नंबरच्या स्टेनलेस स्टीलची होती. देताना पुरवठादाराच्या माणसाने चुंबक लावून दाखवला. तो चिकटला नाही. एक पावसाळा गेला, ताडपत्री काढली, तर वेल्डच्या कडेने तपकिरी ओघळ आणि आतल्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. पुरवठादाराने खाऱ्या हवेवर बोट ठेवलं. हवा खारी आहेच, पण पत्र्याचा तुकडा प्रयोगशाळेत गेला तेव्हा कळलं की तो २०२ होता.

हे नीट समजून घ्या. ३०४मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि किमान ८ टक्के निकेल असतं. २०२मध्ये निकेल जवळपास निम्मं करून त्या जागी स्वस्त मँगनीज घातलेलं असतं. पॉलिश केल्यावर दोन्ही सारखेच चमकतात आणि चुंबक दोन्हींना चिकटत नाही. उलट अस्सल ३०४चा पत्रा जिथे वाकवलेला असतो, तिथे चुंबक किंचित ओढ दाखवू शकतो. त्यामुळे चुंबकावर कुणी धातू पास करून दाखवत असेल तर ती तपासणी मुळीच धरू नका. ऑर्डरमध्ये ग्रेड लिहून घ्या, पत्रा बनवणाऱ्या कारखान्याचं प्रमाणपत्र मागा, त्यावरचा हीट नंबर पत्र्यावरच्या नंबराशी जुळतो का ते पत्रा कापण्याआधी पाहा. शेवटचा हप्ता देण्याआधी एक्स-रे गनने धातू तपासून घ्या. कोल्हापूर-पुण्याकडे अशा प्रयोगशाळा आहेत, आणि या तपासणीत यंत्राला ओरखडासुद्धा पडत नाही.

अस्सल ३०४ मिळालं तरी त्याच केटलमध्ये कोकमचं आगळ करू नका. आगळात आंबटपणाही असतो आणि भरपूर मीठही, आणि मिठातलं क्लोराइड स्टीलला खड्डे पाडतं. तिथे २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेलं ३१६ जास्त टिकतं. ते परवडत नसेल तर खाद्यपदार्थांसाठीचे प्लॅस्टिकचे पिंप बरे. सफाईतही हाच नियम. ब्लीचिंगचं पाणी रात्रभर यंत्रात ठेवून घरी जाणारे कामगार मी पाहिले आहेत. त्यात स्टीलला खाणारं क्लोरीन असतं. काम झालं की ते लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन काढायला हवं.

आता क्षमता. पल्परच्या कोटेशनवर ‘ताशी ५०० किलो’ असतं. ५०० किलो काय, फळ की रस? हापूसमधून साल आणि बाठा काढल्यावर रस निम्म्याच्या आसपास हाती येतो, म्हणजे या एका प्रश्नाने यंत्र अर्ध्यावर येऊ शकतं. चाचणीही बहुधा टोमॅटोवर दाखवतात. टोमॅटो पातळ असतो, जाळीतून सहज उतरतो. हापूसचा घट्ट रस त्याच जाळीवर अडतो, पट्टे आणि जाळी यांतलं अंतर चुकलं तर गरम होतो, आणि बाठा फुटला तर तुरट होतो. जाळीच्या भोकाचं माप लिहून घ्या, आणि जादा जाळी त्याच ऑर्डरमध्ये मागा.

शिवाय पल्परला साका कळत नाही. बाहेरून देखणा दिसणारा आंबा कापला की आत पांढरट, आंबूस गर निघतो. तो रसात गेला तर पूर्ण घाण्याची चव जाते. म्हणून प्रत्येक फळ कापून बघणाऱ्या बायका लागतातच, आणि हापूसच्या लायनीचा वेग शेवटी त्यांच्या हातांवर ठरतो. ताशी टनभर ओढणारा पल्पर घेऊन कापायला मोजकीच माणसं ठेवली तर तो बहुतेक वेळ रिकामा फिरतो. कापायचं टेबल मोठं करा, त्यावर चांगला उजेड द्या, आणि कापणाऱ्यांना उभं राहायला कोरडी जागा द्या. हा खर्च यंत्राच्या खर्चाआधीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

वाफेचा हिशेब कुणी करत नाही. रस ९० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास दसपट तेवढ्याच वजनाच्या पाण्याची वाफ करायला लागते. एक किलो पाणी आटवायला एक किलोहून थोडी जास्तच वाफ खर्च होते. म्हणजे फक्त डबे भरणाऱ्याला पुरणारा बॉयलर आंब्याचा मावा आटवायला घेतला की धापा टाकतो. आज काय करणार आणि पुढे काय करणार, दोन्ही सांगून बॉयलर ठरवा. पाणी जड असेल तर सॉफ्टनर हवाच, नाहीतर नळ्यांवर क्षार बसून सरपण जास्त जळेल. नोंदणी, तपासणी आणि प्रमाणपत्र असलेला अटेंडंट या गोष्टींत काटकसर करू नका. बॉयलरपाशी उभा असतो तो आपल्याच गावातला मुलगा असतो.

यापुढचं मात्र जिवाशी गाठ असलेलं आहे. आंब्याचा रस आंबट आहे, त्याचा पीएच साधारण ४च्या आसपास. ४.६च्या खाली बोट्युलिझमचं विष तयार करणारा जंतू वाढत नाही. म्हणून गरम रस भरून बंद केलेले डबे उकळत्या पाण्याच्या टाकीत शिजवले आणि लगेच गार केले की काम होतं. गार करायला उशीर झाला तर रस काळवंडतो. हे पाहून पुरवठादार म्हणतो, “भाऊ, याच टाकीत कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजीपण होते, बारा महिने मशीन चालेल.” अशी टाकी त्यासाठी घेतलेली माणसं मला भेटली आहेत. कुयरी, मका, भेंडी यांचा पीएच ४.६च्या वर असतो. त्या जंतूचे बीजाणू तासन्‌तास उकळलेल्या पाण्यातही तगतात, आणि बंद डब्यात हवा नसते, तेच त्यांच्या सोयीचं. त्यासाठी १२१ अंशांना दाबाखाली शिजवणारं रिटॉर्ट आणि तज्ज्ञाने ठरवून दिलेली वेळ लागते, किंवा आंबट पाण्यात भरून प्रत्येक घाण्याचा पीएच मोजावा लागतो. विष झालेला डबा फुगलेलाच असेल, त्याला वास येईलच, असं नाही. पीएच मीटर घ्या, तो रोज प्रमाणित करा, आणि भाजीचा विचार असेल तर मैसूरच्या सीएफटीआरआयसारख्या संस्थेकडून प्रक्रिया ठरवून घेतल्याशिवाय एकही डबा बंद करू नका.

अनुदानाबद्दल थोडक्यात. २०२०मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत साहाय्य ठेवलं होतं. ते अजून मिळत असेल तर जरूर घ्या. पण अनुदान वाढावं म्हणून यंत्र मोठं करू नका. उरलेल्या रकमेचा हप्ता पावसाळ्यातही भरायचा असतो.

पैसे देताना दहा-पंधरा टक्के रक्कम हंगामातली चाचणी होईपर्यंत हातात ठेवा, आणि ती चाचणी तुमच्या आंब्यावर, तुमच्या विजेवर, तुमच्या शेडमध्ये होईल असं करारात लिहा. मे महिन्यात आमच्याकडे व्होल्टेज किती खाली जातं, हे शहरातल्या कारखान्यात बसून कळत नाही. आणि एप्रिल उजाडण्याआधी एक जाळी, ऑइल सील, पट्टे, गॅस्केट, दोन बेअरिंगं घरात आणून ठेवा. बेअरिंगचे आणि सीलचे नंबर यंत्राशेजारच्या भिंतीवर रंगाने लिहा. यंत्राच्या पाटीवरची अक्षरं रसाने आणि वाफेने पुसून जातात, आणि रात्री दुकान उघडायला लावलंत तर दुकानदार पहिल्यांदा नंबरच विचारतो.