नावाने हाक मारणारी ख्रिस्तसभा

वाचन: रोमकरांस पत्र 16:1-16



रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय आपण बहुधा घाईने वाचतो. नुसती नावांची यादी, असे आपल्याला वाटते. पण याच यादीत दहा स्त्रिया आहेत आणि त्यांतील आठ जणींचा उल्लेख संत पौल नावासह करतात.

सर्वप्रथम येते फिबी. ती करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातील ख्रिस्तसभेची सेविका. तिचे स्वागत करा, तिला लागेल ती मदत करा, कारण तिने पुष्कळांना व मलाही साहाय्य केले आहे, असे पौल रोमकरांना कळवतात. मग प्रिस्का. तिचे नाव पती अक्विलाच्या आधी येते. या दोघांच्या घरी ख्रिस्तसभा जमत असे. मरिया, त्रुफैना, त्रुफोसा व पर्सिस यांनी श्रम केले, असे पौल लिहितात. स्वतःच्या प्रेषितकार्यासाठीही ते हाच शब्द वापरतात. रूफच्या आईचे नाव मात्र येत नाही. पण ती माझीही आई, असे ते म्हणतात.

कबरेपाशी रडणाऱ्या मरिया माग्दालियाने प्रभूला कधी ओळखले? त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा (योहान 20:16). पोप फ्रान्सिस यांच्या काळात, 2016 साली, तिच्या 22 जुलैच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा मिळाला. 2021 साली त्यांनी वाचक व वेदीसेवक ही अधिकृत सेवापदे स्त्रियांनाही खुली केली. नियमाने दार उघडते; आत आलेल्या बहिणीला आपलेसे करणे मात्र आपल्या हाती असते.

वेदीवरची फुले, धर्मशिक्षणाचे वर्ग, घरोघरची रोझरी, दुःखी घरातली सोबत, यांत बहुतेक हात स्त्रियांचे असतात. "बायकांनी केले," एवढे म्हणून आपण मोकळे होतो. लग्न होऊन आलेली मुलगी वर्षानुवर्षे 'अमक्याची सून' राहते. पती वारल्यावर एखाद्या बहिणीला येणारी आमंत्रणे हळूहळू थांबतात. भाड्याच्या खोलीत राहणारी, परगावची नर्स शेवटच्या बाकावर बसते आणि मिस्सा संपताच निघून जाते. या तिघी दर रविवारी चर्चमध्ये असतात. पण त्या आपल्या समूहात असतात का?

स्त्रियांचे हात हवेत, तसे त्यांचे मतही हवे. सणाचा बेत ठरल्यावर काम वाटून देण्यापेक्षा बेत ठरवतानाच त्यांना विचारू या.

छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी:

1. आपल्या शेजारच्या पाच घरांतील सर्व स्त्रियांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का?
2. गेल्या काही महिन्यांत कोण यायची थांबली? तिच्या घरी कोण जाईल?
3. आपल्या समूहाचे निर्णय कोण घेते?

येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर लगेच घराकडे वळू नये. जिचे नाव आपल्याला ठाऊक नाही, अशा एका तरी बहिणीला ते विचारू या, आणि पुढच्या रविवारी त्याच नावाने तिला हाक मारू या.