पाठ : आजी, त्याला बेदाणे देऊ नकोस

मुलांनो, संत नामदेवांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा नामदेव काठी नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोरडी पोळी त्याने कशी खावी, ही त्यांना काळजी! मुक्या जिवाला आपल्यातला घास द्यावा, ही शिकवण आपल्या घरांत मुरलेली आहे. म्हणून भारतातून आलेली आजी टेबलाखालच्या कुत्र्याला प्रेमाने शिऱ्याचा घास देते. अशा वेळी तिला थांबवायचे कसे, तेही तिचे मन न दुखवता? त्यासाठी आजचा पाठ.

इथे इंग्लंडमध्ये अनेक घरांत ‘कॅव्हापू’ असतो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल आणि पूडल यांच्यापासून झालेला हा लहानखुरा संकरित कुत्रा. त्याचे केस रोज विंचरावे लागतात, नाहीतर त्यांच्या जटा होतात. दातही घासावे लागतात. पण सर्वांत जपायचे ते त्याच्या खाण्याला.

तीन क्रियापदे

चालणे : साधा भात त्याला चालतो.
पचणे : तळलेले पदार्थ त्याला पचत नाहीत.
बाधणे : बेदाणे त्याला बाधतात.

‘बाधणे’ म्हणजे खाल्लेली वस्तू अंगाला अपाय करणे. हा शब्द आजीच्या रोजच्या बोलण्यातला आहे. ‘कुत्र्याला विष होते’ म्हटले तर ती घाबरेल. ‘त्याला बाधते’ म्हटले की लगेच समजेल.

काय बाधते?

द्राक्षे, बेदाणे, मनुका : यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती खाल्ले तर बाधेल, याचा नेम नाही; काहींना थोडेसेही बाधते. शिरा, खीर, ख्रिसमसचा केक, सर्वांत बेदाणे असतात.

कांदा, लसूण : रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. शिजवल्याने किंवा तळल्याने दोष जात नाही. त्रास काही दिवसांनीही दिसतो, म्हणून ‘काल भजी खाल्ली, काही झाले नाही’ हे खरे मानू नये.

चॉकलेट : जितके काळे, तितके वाईट.

झायलिटॉल : साखर नसलेल्या काही च्युइंगममध्ये हा गोड पदार्थ असतो. त्याने रक्तातली साखर एकदम उतरते.

आजीचे वजन ६० किलो आणि कुत्र्याचे ६ किलो धरा. आपला एक घास त्याला दहा घासांसारखा! म्हणून नामदेवांचे तूपसुद्धा बेतानेच. फार स्निग्ध खाण्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

आजीला काय सांगाल?

पुष्कळ घरांत आजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’ म्हणतात. त्याप्रमाणे क्रियापद बदलते.

आजी, त्याला बेदाणे देऊ नकोस गं, बाधतात.
आजोबा, त्याला भजी देऊ नका, त्यात कांदा आहे.

नुसते ‘नाही’ म्हणून थांबू नका. आजीला देण्यासारखे काही तिच्या हाती द्या : उकडलेल्या गाजराचे तुकडे, काकडी, बिया काढलेले सफरचंद. ‘आजी, हे दे, हे त्याला चालते.’ तिलाही घास दिल्याचे समाधान. मात्र असा वरखाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावा.

चुकून खाल्लेच तर?

त्रास दिसेपर्यंत वाट पाहू नका. लगेच मोठ्यांना सांगून पशुवैद्यांना फोन करायला लावा. काय खाल्ले, किती, केव्हा आणि कुत्र्याचे वजन किती, हे सांगा. पाकीट जपून ठेवा. मीठ पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मीठही बाधते.

स्वाध्याय

१. चालणे, पचणे, बाधणे यांची प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.
२. ‘देऊ नकोस’ आणि ‘देऊ नका’ कोणाकोणाला म्हणाल?
३. घरातल्या पाच पदार्थांत काय काय घातले आहे, ते आजीला किंवा आईला मराठीत विचारा. कुत्र्याला चालणारे आणि बाधणारे अशा दोन याद्या करून फ्रिजवर लावा. घरी कुत्रा नसेल, तर ज्यांच्याकडे आहे त्यांना द्या.