अंगावर उठलं तेव्हा

मला एचआयव्हीवरची औषधं, म्हणजे एआरटी, सुरू झाली तेव्हा सरकारी सेंटरवर बहुतेकांना नेव्हिरापिनच्याच गोळ्या मिळायच्या. पहिले 14 दिवस सकाळी नेव्हिरापिनसह तीन औषधांची गोळी, रात्री नेव्हिरापिन नसलेली. मग दोन्ही वेळा तिन्ही. नेव्हिरापिन सुरुवातीलाच पूर्ण डोसात दिलं तर पुरळ उठण्याचा धोका वाढतो, म्हणून ही पायरी. ती चढायच्या आतच माझ्या छातीवर आणि दंडांवर लाल बारीक पुरळ आलं. सासूबाई म्हणाल्या, उष्णता आहे, आमसुलाचं पाणी लाव. घरात खरं कारण फक्त नवऱ्याला माहीत. मी निमूट पाणी लावलं आणि सकाळी सेंटरला जायला एसटी धरली.

आमच्यातले बरेच जण अशा वेळी गल्लीतल्या डॉक्टरकडून अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन घेतात आणि एआरटीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. दोष तरी कसा द्यावा? तालुक्याच्या गावात आपण दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या आत बातमी घरी पोचलेली असते. पण कोणत्या गोळ्या चालू आहेत हेच ठाऊक नसेल, तर तो डॉक्टर तरी काय ओळखणार?

सेंटरवरच्या मॅडमनी पुरळाकडे एक नजर टाकली आणि खरा वेळ घालवला तो भलतीकडेच. खालची पापणी ओढून डोळे पाहिले. टॉर्च लावून ओठांची आतली बाजू, टाळू पाहिला. दंडावरची कातडी बोटाने दाबून सरकवून पाहिली. ताप घेतला, लिव्हरच्या तपासणीला रक्त काढलं. नेव्हिरापिनचं पुरळ आणि लिव्हरची कुरबुर कधीकधी जोडीने येतात; बायकांमध्ये, त्यातही सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) 250च्या वर असेल तर, जास्त. “पुरळ किती पसरलंय याला मी भीत नाही,” त्या म्हणाल्या, “तोंडात फोड आला तर मात्र तुम्ही रात्रीसुद्धा निघायचं.”

गोळ्या बंद केल्या नाहीत. डोस तेवढा वाढवला नाही. खाजेला सेट्रिझिन दिली. पुरळ विरलं, मगच पुढची पायरी. माझ्याच रांगेतल्या एका बाईला मात्र ताप, लाल डोळे आणि अंगावर पाण्याचे फोड, सगळं एकदम आलं. तिला दाखल करून औषध थांबवलं. नंतर दुसरं दिलं आणि फाइलवर लाल पेनाने लिहिलं: नेव्हिरापिन पुन्हा कधीही नको.

आता बहुतेकांना डोल्युटेग्राविर असलेली एकच गोळी मिळते आणि तिने पुरळ क्वचितच उठतं. पण म्हणून गाफील राहू नका. सोबत दिलेल्या सेप्ट्रानमध्ये सल्फा असतं, त्यानेही अंगावर उठतं, टीबीच्या गोळ्यांनीही. शिवाय प्रत्येक पुरळ औषधाचंच असतं असंही नाही. एका बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड आले तर ती नागीण असू शकते. हे घरी बसून ठरवायच्या भानगडीत पडू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, कोणती कधी सुरू झाली ते कागदावर लिहा आणि सेंटर गाठा. ताप, तोंडात फोड, डोळे लाल, चेहरा सुजलेला, कातडी सुटतेय किंवा डोळे पिवळे, यातलं एकही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी. सेंटर बंद असेल तर सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा आणि तिथे गोळ्यांची नावं स्पष्ट सांगा. तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर 2017च्या एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे.

एआरटीतलंच अबॅकॅविर हे औषध घेणाऱ्यांनी, विशेषतः लेकरांच्या आयांनी, एक जास्तीचं ध्यानात ठेवावं. पुरळाबरोबर ताप, उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर लगेच डॉक्टरकडे न्या. त्यांनी ते औषध बंद केलं, की घरात उरलेली बाटली दवाखान्यात परत द्या. “आता बरं वाटतंय” म्हणून ते पुन्हा पाजलं, तर दुसऱ्या वेळी काही तासांत जिवावर बेतू शकतं.