कोरड्या मुलखातला समुद्र

वनस्पतींच्या आधाराने पाण्याची टाकी समतोल राखता येते ही कल्पना नवी नव्हे. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने 1850 साली मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांचा परस्परपोषक संसार काचपात्रात मांडून दाखविला, आणि पुढे समुद्रजल व हिरवे सागरी शेवाळ घेऊन तोच प्रयोग केला. परंतु लंडनच्या थंड हवेत जे साधले ते दौंडच्या वैशाखात, जिथे पारा चाळिशी ओलांडतो आणि मुंबईचा किनारा लोहमार्गाने अडीचशे किलोमीटरांहून दूर पडतो, तसेच्या तसे साधेल या भरवशावर कोणी राहू नये.

भीमा आणि घोड यांच्या काठी उसाला घातलेल्या खतांचा अंश विहिरींत व बोअरमध्ये उतरतो. असल्या पाण्यात समुद्री मीठ विरघळविले की नायट्रेटची थकबाकी पहिल्याच दिवशी टाकीच्या खाती चढते. म्हणून आरओचे पाणी घ्यावे, आणि मत्स्यालयासाठी मिळणारे मीठच, स्वयंपाकघरातले नव्हे, क्षारता लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास येईल अशा बेताने मिसळावे. उन्हाळ्यात पाणी उडते, मीठ मात्र मागे राहते. सबब घटलेली पातळी गोड्या पाण्यानेच भरावयाची. शिरूरचे माझे एक स्नेही दुकानदाराच्या सल्ल्याने रोज खारे पाणी ओतीत राहिले, आणि मासे का दगावतात याचा उलगडा त्यांना हायड्रोमीटर आणल्यावर झाला.

माझ्या टाकीत कॉलेर्पा नावाचे सागरी शेवाळ होते, दिसावयास देखणे आणि वाढीस विलक्षण जलद. चैत्रातल्या एका पहाटे पाणी हिरवट दुधासारखे झालेले आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत असलेले आढळले. ही वनस्पती प्रजननास प्रवृत्त झाली की अंगातले सत्त्व बीजकोशिकांच्या रूपाने पाण्यात सोडून देते आणि पांढरी पोकळ कात तेवढी मागे ठेवते. त्यातून रात्री प्रकाशाअभावी वनस्पतीही प्राणवायू घेतात, आणि ऊन पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत नाजूक. हाताशी साठविलेले खारे पाणी आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप होता म्हणून बहुतेक मासे वाचले. भारनियमनाच्या मुलखात या दोहोंचा बंदोबस्त टाकी भरण्यापूर्वीच असावा.

वनस्पती मळ नाहीसा करीत नाही, अंगी साठविते. तो टाकीबाहेर जातो तो तिची छाटणी बाहेर काढली तरच. दर आठवड्याला मूठभर काढावे, पाने फिकी पडू लागल्यास संध्याकाळीच अधिक. कॉलेर्पाचा मोह नसेल तर दोऱ्यांच्या गुंत्यासारखे वाढणारे कीटोमॉर्फा बरे. ते सहसा असा दगा देत नाही.

शोभेसाठी मालवणहून प्रवाळ आणण्याची तजवीज कोणी करू नये: अश्मप्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत, समुद्रघोडेही. साधे दगड घालून चार ते सहा आठवडे जिवाणूंना रुजू द्यावे, अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याची परीक्षा करावी, मग मासे सोडावेत. तेही आरंभी मॉली, जी पुण्याच्या दुकानांत स्वस्त मिळते आणि थेंबाथेंबाने क्षारता वाढवीत नेल्यास समुद्रजलातही सुखाने राहते.